एका दिवसात चाळीस शिक्षकांचं ‘कला समेकित अध्ययन’ प्रशिक्षण: नेमकं काय करून घ्यावं?

केळीपट्ट्यातली_ताई

नमस्कार मंडळी,

यावल तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवते. शाळा सांभाळून दोन वर्षांपासून तालुक्याची सुलभक म्हणून प्रशिक्षणंही घेते. पुढच्या महिन्यात पहिली ते पाचवीच्या चाळीस शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण माझ्याकडे आलंय, विषय कला समेकित अध्ययन, म्हणजे चित्र, गाणं, अभिनय अशा कलेतूनच पाठ शिकणं. सुलभक मी एकटीच. चहा, जेवण, हजेरीपट आणि अहवालाचे फोटो वजा केले तर हातात खरे पाच तास उरतात.

मागच्या वर्षी हाच विषय मी घेतला होता. वरून आलेली पीपीटी दाखवली, व्याख्या सांगितली, गटांना चार्टपेपर आणि स्केचपेन दिले. सगळे मनापासून बसले, शेवटी टाळ्याही झाल्या. महिन्याभराने शिक्षण परिषदेत मी विचारलं, वर्गात कोणी कोणी करून पाहिलं? चार हात वर आले. त्यातल्या एका ताई म्हणाल्या, “मॅडम, शरीराचे अवयव शिकवून झाल्यावर मी मुलांना माणूस रंगवायला दिला. हेच ना ते?” त्यांनी फार प्रामाणिकपणे विचारलं होतं. मला ठाम उत्तर देता आलं नाही आणि ते अजून मनात टोचतंय.

कारण माझ्या स्वतःच्या वर्गात मला ही गोष्ट दिसली आहे. जलचक्राच्या पाठाला मी मुलांना पाणी व्हायला सांगितलं होतं. काही जण तापीचं पाणी होऊन जमिनीवर वाहत होते, काही वाफ होऊन बाकांवर चढले. मी “आता पाऊस” म्हटल्यावर सगळे धपाधप खाली उतरले, एक मुलगा मात्र बाकावरच उभा. वर्षभर हा वर्गात फारसा तोंड उघडत नव्हता. मी म्हटलं, अरे उतर की. तर आपल्या बोलीत म्हणाला, अजून गार झालं नाही, मग मी खाली कसा येऊ? मी सूचनेत थंड होण्याची पायरी गाळली होती आणि ती त्याने पकडली. नंतर त्याने दोन मुलींना थंड वारा करून आपल्या अंगावरून जायला लावलं, तेव्हा कुठे तो खाली आला.

हे चाळीस जणांपर्यंत न्यायचं कसं? त्यातले निम्मे पहिल्याच मिनिटाला म्हणतात, “मला चित्र काढता येत नाही, मला गाता येत नाही, मला यातून सोडा.” व्याख्या ‘निष्ठा’ या शिक्षकांसाठीच्या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणात त्यांनी वाचली आहे, प्रमाणपत्रंही आहेत. मला हवंय ते असं, की ते सोमवारी शाळेत जाऊन एक तरी पाठ वेगळा घेतील. ज्यांनी अशी प्रशिक्षणं घेतली किंवा दिली आहेत त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

गिरणेकाठचा_ड्रॉइंगमास्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री बराच वेळ जागा राहिलो. मी ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून चाळीसगाव तालुक्यात माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर प्राथमिकच्या शिक्षकांची बरीच प्रशिक्षणं घेतली, अजूनही बोलावलं की जातो.

आधी त्या अवयववाल्या ताईंचं उत्तर. त्यांनी केलं ते वाईट नाही, मुलांना रंगवायला मिळालं ही चांगलीच गोष्ट. पण धडा आधीच शिकवून संपला होता. मी शिक्षकांना एक कसोटी देतो. पाठातून कलेचा भाग काढून बघा. शिकण्यात काहीच कमी पडत नसेल, तर कला तिथे सजावटीला होती. तुमच्या जलचक्रातून अभिनय काढला असता तर त्या पोराला थंड होण्याची पायरी सापडलीच नसती.

दुसरी बाजू लोक विसरतात. वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलाकेंद्राने कला समेकित अध्ययनाची एक व्याख्या केली आहे, ती जगभर वापरतात. तिच्यात अट अशी की उद्दिष्टं दोन्हीकडची साधली पाहिजेत, विषयाचीही आणि कलेचीही. गणित शिकायला रांगोळी घेतली तर मुलाची रांगोळीही पहिल्यापेक्षा सुधारली पाहिजे. आपल्याकडे कलेला विषयाच्या दारात हमाल करून ठेवतात, त्याचा मला चित्रकला शिक्षक म्हणून मनापासून त्रास होतो.

आता दिवसाचं. सुरुवातीला पीपीटी लावू नका. एनसीईआरटीच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही भर तयार वस्तूवर नाही, करण्याच्या प्रक्रियेवर आहे, आणि प्रक्रिया पडद्यावर दाखवता येत नाही. मी काय करतो ते सांगतो.

भडगावकडे एका प्रशिक्षणात मी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि रांगोळी वाटली. म्हटलं, पाच ते एक, मधले ठिपके. ताई लोकांना सांगावं लागलं नाही. मधल्या ओळीत पाच, तिच्या वर दोन ठिपक्यांच्या मध्ये चार, मग तीन, दोन, एक, तसंच खाली. पुरुष शिक्षक भिंतीला टेकून उभे होते. एक गुरुजी, निवृत्तीला पाचेक वर्षं राहिलेले, म्हणाले की जन्मात रांगोळीला हात लावला नाही. मी त्यांनाच पुढे बसवलं. त्यांची रेघ दर बोटभर अंतरावर तुटायची आणि तिथे ढीग साचायचा. शेजारच्या ताईंनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, दादा, चिमटी सैल ठेवा आणि हात थांबवू नका, थांबला की ढीग पडतो. दहा मिनिटांत गुरुजींची रेघ सरळ यायला लागली. तोवर मी गणिताचा शब्दही काढला नव्हता.

मग विचारलं, ठिपके किती? मोजले, पंचवीस. सात ते एक काढा. मोजले, एकोणपन्नास. कोणीतरी म्हटलं, अरे, हे तर पाचाचा वर्ग आणि साताचा वर्ग! मी विचारलं, असं का होतं? सगळे गप्प. बेरजा मांडून झाल्या, कोणाला कारण सापडेना. तेवढ्यात ते गुरुजी उठले, रांगोळीला वळसा घालून तिरक्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, इकडून बघा. त्या बाजूने पाहिलं की पाच ठिपक्यांच्या पाच सरळ ओळी दिसतात. चौरसच तो, फक्त टोकावर उभा केलेला. तीस माणसं एकामागून एक त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या दिवशी त्यानंतर ‘मला येत नाही’ हे वाक्य मी कोणाकडून ऐकलं नाही.

व्याख्या मी यानंतर घेतो, आणि तीही त्यांच्याच तोंडून.

जेवणानंतर चार्टपेपर देऊच नका, ताई. चार्टपेपर मिळाला की माणसं ‘कलेचे महत्त्व’ असा मथळा लिहितात आणि खाली मुद्दे काढतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय. त्याऐवजी आधीच निरोप द्या की येताना स्वतःच्या इयत्तेचं पुस्तक आणा. पाच-पाचचे आठ गट करा. प्रत्येक गटाने पुढच्या आठवड्यात खरोखर शिकवायचा एकच पाठ घ्यायचा, त्यातली एकच अध्ययन निष्पत्ती (मुलाला शेवटी काय यायला हवं ते) आणि एकच कला. नाच, गाणं, चित्र, सगळं एकात कोंबायचं नाही. पाऊण तास तयारी. मग त्या गटाने तो पाठ दुसऱ्या गटाला मुलं समजून प्रत्यक्ष शिकवायचा. मुलं झालेल्यांनी नंतर सांगायचं, आम्हाला काय कळलं आणि कुठे अडलं. आठही गटांचं सगळ्यांसमोर घ्यायला वेळ पुरणार नाही, म्हणून जोड्या लावा, एकाच वेळी चार ठिकाणी चालू द्या.

ज्यांना चित्राची भीती आहे त्यांच्यासाठी आमच्या चाळीसगावचा एक उपाय. इथे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) राहून गेले. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड नेमका सोडून ते असा फोटो काढत की मोठा निसर्ग समोर उभा वाटावा. मी शिक्षकांना टेबलावर माती, मीठ, काड्या, दगड आणि एक टॉर्च देतो. नदीचं खोरं मांडा, मोबाइल टेबलाच्या पातळीला आणा आणि फोटो काढा. टॉर्च खाली धरला की डोंगराची सावली लांब पडते, वर नेला की आखूड होते. सकाळ-दुपारची सावली तिथेच शिकून होते आणि पेन्सिल कोणालाच धरावी लागत नाही.

शेवटचं, एका दिवसाने शिक्षक बदलत नाही. निघताना जवळजवळच्या शाळांच्या जोड्या लावून द्या. पंधरा दिवसांत एकाने दुसऱ्याचा एक तास बघायचा, एवढंच. तुम्ही स्वतः फोन करा. मी करतो. फोन येणार हे माहीत असलं की माणूस करून बघतो.

अक्राणीचा_गुरुजी

सर, रांगोळीचा प्रकार मी उद्याच करतो. ताई, मी धडगाव तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे, पहिली ते चौथी. मुलं घरी पावरी बोलतात, पुस्तकाची मराठी त्यांना तिसरीपर्यंत परकीच असते. माझ्याकडे कलेची गरज शब्द संपतात तिथून सुरू होते.

एक उदाहरण देतो. पाढे मुलांच्या डोक्यात बसत नव्हते, पण ढोल सगळ्यांना येतो. गावातल्या एका ढोलवाल्या काकांना शाळेत बोलावलं. ते एकसारखा ठेका धरून बसले. एका गटाने दर तिसऱ्या ठोक्याला टाळी द्यायची, दुसऱ्याने दर चौथ्या ठोक्याला पाय आपटायचा. सुरुवातीला नुसता गोंधळ. मग एका मुलीने ओरडून थांबवलं, कारण एका जागी टाळी आणि पाय एकदम पडले होते. पुन्हा वाजवलं आणि मोजलं. बारावा ठोका. पुढे चोवीसावा. मग मुलं स्वतःच म्हणाली, आता छत्तीसला. तीनचा आणि चारचा पाढा कुठे कुठे भेटतात ते त्यांना कानांनी कळलं. पुढे पाचवी-सहावीत लसावि शिकवणाऱ्या गुरुजींचं अर्धं काम झालं म्हणायचं. आणि मास्तर म्हणतात तसं कलेचंही झालं. आधी जी मुलं ठेका पळवत होती ती शेवटी लयीत राहायला लागली, हे काकांनीच सांगितलं.

पण माझ्याकडून एक चूकही झाली, ती तुमच्या प्रशिक्षणात सांगा असं वाटतं. नवीन होतो तेव्हा स्नेहसंमेलनात मी चार मुलांना होळीतल्या बुध्यासारखं सजवलं. अंगावर ठिपके, डोक्यावर उंच टोपी, कमरेला भोपळे. लोकांना आवडेल असं वाटलं होतं. कार्यक्रमानंतर गावातले एक वयस्कर बाबा आले आणि शांतपणे म्हणाले, गुरुजी, ते सोंग नाही, तो नवस आहे. जो बुध्या होतो तो त्या दिवसांत नियम पाळतो, ते अंगावर घेणं सोपं नसतं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून गावातली कोणतीही कला वर्गात आणायची तर आधी घरी जाऊन विचारतो, हे शाळेत चालेल का, कोणी शिकवायचं, कधी. ढोल चालला, कारण काकांनी स्वतः आणला.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तुमच्या शाळांतही आदिवासी पाड्यांची मुलं आहेत. त्यांच्या शिक्षकांना हे आधी कळलं तर माझ्यासारखं होणार नाही.

आणि साहित्याचं बघा. रंगपेट्या गृहीत धरून उपक्रम देऊ नका. आमच्याकडे माती, बांबू, पानं, तुरीच्या काड्या आणि कोळसा भरपूर आहे.

पारोळ्याची_तिसरी

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

माझ्या वर्गात ३८ मुलं आहेत. ‘निपुण’ या सरकारी अभियानाची वाचन-गणिताची उद्दिष्टं आहेत, पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, त्यांच्या ऑनलाइन नोंदी. अकरा मुलं अजून जोडाक्षरात अडकतात. असा एक उपक्रम घेतला की दोन तासिका जातात. प्रशिक्षणात सुलभक हे कधी मोकळेपणाने बोलत नाहीत, आणि मग आम्ही मान डोलावून घरी येतो. ताई, तुम्ही बोला. ‘वेळ कुठून काढायचा’ यासाठी सरळ अर्धा तास ठेवा.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला पट शंभराच्या वर असेल तरच कलेचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. म्हणजे आमच्या प्राथमिकच्या वर्गांना कोणी वेगळा येणार नाही, जे करायचं ते वर्गशिक्षकानेच. म्हणून ते त्याच्या रोजच्या कामात मावणारं हवं.

माझं एक मावलेलं सांगते. गुलाबाईच्या दिवसांत, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, आमच्या मुली संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायला लावतात. मी ते वर्गात शेवटच्या पंधरा मिनिटांत आणलं. रोज एक जण डबा झाकून आणणार, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. गोड की तिखट, ओलं की कोरडं, वाजतं का, तळलेलं की भाजलेलं? मग ओळखायचं. आठवडाभराने प्रश्न गाण्याच्या चालीवर यायला लागले, आणि मुलं ते फळ्यावर लिहू लागली. ‘खुसखुशीत’, ‘रवाळ’, ‘तुरट’ हे शब्द जोडाक्षरवाल्या मुलांनीही लिहिले, कारण त्यांना ते हवे होते. वेगळी तासिका गेली नाही. नोंद म्हणाल तर वहीत रोज दोन मुलांबद्दल दोन ओळी लिहिते, काय विचारलं आणि काय लिहिलं. महिनाभरात सगळा वर्ग होतो.

अशा पंधरा मिनिटांच्या गोष्टी शिक्षकांना द्या. दोन तासिका खाणाऱ्या मोठ्या गोष्टी मग पुढे कधीतरी.

जळगावहून_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे, मुलगा सीबीएसईत सातवीला. तिथे २०२० पासून पहिली ते दहावीला कलेशी जोडलेला प्रकल्प सक्तीचा आहे. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, म्हणून दरवर्षी ओडिशा. आमच्या घरी तो प्रकल्प रात्री अकरा वाजता मी आणि माझ्या बहिणीने केला, तिथल्या पारंपरिक पट्टचित्राची प्रिंट काढून चिकटवली. मुलगा झोपला होता. शाळेला दोष देत नाही, शिक्षकांनाही कोणी करून दाखवलं नसेल. मास्तरांची रांगोळी वाचली आणि वाटलं, त्यांनी पट्टचित्राच्या नुसत्या किनारी बघायला लावल्या असत्या, त्यातला नमुना किती वेळा येतो, कोपऱ्यात कसा वळतो, तर माझ्या मुलाने ते स्वतः केलं असतं. ताई, एवढंच सुचवते, घरी करून आणायला काहीही देऊ नका असं शिक्षकांना सांगा. जे होईल ते वर्गात होऊ दे.

केळीपट्ट्यातली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल केंद्रप्रमुख सरांशी बोलून दिवस ठरवला, इथे लिहून ठेवते म्हणजे चुकत असेल तर सांगाल.

सकाळी कोणतीही प्रस्तावना न करता रांगोळी. त्यानंतर ‘वेळ कुठून काढायचा’ यावर अर्धा तास, पारोळ्याच्या ताईंचं खिरापतीचं उदाहरण घेऊन. मी ते प्रत्यक्ष खेळूनच घेणार आहे, झाकलेल्या डब्यात केळीचे वेफर्स ठेवून. आमच्याकडे दुसरं काय असणार! बुध्याचा प्रसंग अक्राणीच्या गुरुजींच्याच शब्दांत वाचून दाखवेन, त्यांची परवानगी असेल तर. जेवणानंतर पुस्तकं, आठ गट, चार जोड्या. चार्टपेपरची मागणी मी रद्द केली आणि त्या पैशात टॉर्च घेतले.

अवयववाल्या ताईही येणार आहेत. त्यांना मी फोन केला. म्हटलं, मागच्या वेळी तुम्हाला उत्तर देता आलं नाही, यावेळी आपण दोघी मिळून तोच पाठ परत बसवू. त्या म्हणाल्या, मुलांना एकमेकांचा सांधा हाताने चाचपून मातीत करायला लावलं तर? कोपर एकाच बाजूला वाकतं, खांदा गोल फिरतो, ते मातीत करताना कळेलच. मी ऐकतच राहिले.

मास्तर, एक अडचण आहे. आमच्या सभागृहात गुळगुळीत टाइल्स आहेत आणि वर सहा पंखे. रांगोळी टिकेल का?

गिरणेकाठचा_ड्रॉइंगमास्तर

टिकणार नाही, ताई, घसरेल आणि उडेल. बाहेर कोबा किंवा सारवलेली जागा असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत तिथे घ्या. नसेल तर ठिपक्यांसाठी तुरीचे दाणे वापरा. पाच ते एकला २५ आणि सात ते एकला ४९, म्हणजे गटाला ७४ दाणे. आठ गटांना ५९२ लागतील, पण सांडतात, म्हणून पाव किलो न्या, उरलेले डब्यात परत येतात. मात्र पंख्यापासून लांबच्या एका कोपऱ्यात थोडी तरी खरी रांगोळी ठेवा आणि प्रत्येकाला दोन रेघा ओढू द्या. चिमटी सैल ठेवायची ते दाण्यांत शिकता येत नाही.

सांध्यांचं त्या ताईंनी फार सुंदर सुचवलंय. माती आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, नाहीतर सकाळी चिरा पडतात.